सोडलेली जागा

कापसाची वेचणी हातावेगळी होत आली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आणि हद्दीपलीकडे अमरावतीतल्या तळेगाव दशासरला शंकरपटाचे दिवस येतात. सरळ आखलेली धाव, दोन्ही अंगांना दाटलेली माणसं, हलका छकडा, त्यावर धुरकरी आणि एका जुवाखाली दोन बैल. भोंग्यावरून बैलांची नावं पुकारली जातात. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग मोजतं.

जोडीतला एक बैल बहुधा दुसऱ्यापेक्षा तेज असतो. त्याला मोकळा सोडला तर छकडा तिरपा होतो आणि धाव सोडून माणसांत शिरतो. म्हणून चांगला धुरकरी तेज बैलाचा कासरा अंमळ आवळून धरतो. मनगट वळतं तेवढंच. जाणकार म्हातारे बैलांकडे न पाहता त्या मनगटाकडे पाहतात. वेगवानाला आवरणं इथे हजार डोळ्यांदेखत चालतं आणि कुणाला त्यात खोट दिसत नाही, कारण वेळ एकच लिहिली जाते, जोडीची. उजव्या खांदीच्या बैलाला वेगळा नंबर नसतो.

मोटारींच्या शर्यतीत जू दिसत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये एका संघाच्या दोन गाड्या धावतात. प्रत्येक चालकाचं नाव वेगळं, क्रमांक वेगळा, गुणांचा रकाना वेगळा. जगज्जेतेपद एकट्याचं. पण १९५८ पासून संघांचंही वेगळं विजेतेपद आहे आणि बक्षिसाचा पैसा संघाच्या जागेवर ठरतो. बघणाऱ्याला दोन स्पर्धक दिसतात, मालकाला एक जोडी दिसते. ज्याला ‘टीम ऑर्डर’ म्हणतात, तो मालकाच्या डोळ्यांनी दिलेला आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाळलेला हुकूम असतो.

यवतमाळात मोटारींची धावपट्टी नाही. पण रविवारी संध्याकाळी साडेसहाला मोबाइलवर युरोपातली शर्यत लावून बसणारे पोट्टे आहेत आणि तेच पोट्टे माघात पटालाही जातात. त्यांना दोन्हीकडे एकच प्रश्न पडतो: पळणारा कोणासाठी पळतो?

*

१२ मे २००२, ऑस्ट्रिया. रुबेन्स बॅरिकेलो पहिल्या जागेवरून सुटला आणि शेवटच्या फेरीपर्यंत पहिलाच होता. मागे त्याच्याच फेरारी संघाचा मायकेल शूमाकर. शेवटचं वळण ओलांडून, रेषा समोर दिसत असताना, बॅरिकेलोने गाडी मंद केली. शूमाकर ०.१८२ सेकंदांनी जिंकला.

लोकांनी आरडाओरडा केला. त्यांनी तिकीट काढलं होतं ते दोन माणसं जीव तोडून पळतात या विश्वासावर. शूमाकरला ते झोंबलं. त्याने बॅरिकेलोला ओढून सर्वांत वरच्या पायरीवर उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या पायरीवर थांबला. पुढे जागतिक संघटनेने फेरारीला आणि दोन्ही चालकांना मिळून १० लाख डॉलरचा दंड ठोठावला, त्यातला निम्मा स्थगित ठेवून. तो दंड पायऱ्या बदलल्याबद्दल होता. रस्त्यावर जागा बदलल्याबद्दल दंड करायला तेव्हा नियमच नव्हता.

त्या दिवशी हंगामाच्या १७ शर्यतींपैकी सहावी चालली होती. आधीच्या पाचांतल्या चार शूमाकरने जिंकलेल्या. वर्षाअखेर त्याचे गुण झाले १४४, दुसऱ्या आलेल्या बॅरिकेलोचे ७७. जुलैमध्येच, सहा शर्यती शिल्लक असताना, विजेतेपद त्याच्या पदरात पडलं होतं. ऑस्ट्रियातले ते चार जास्तीचे गुण कशालाही लागले नाहीत.

गरजेपोटी मागितलेलं एक वेळ समजू शकतं. भरल्या घरात उभं राहून शेजाऱ्याच्या ताटातला घास मागणं समजत नाही.

*

लोकांचा राग पाहून २००३ पासून शर्यतीच्या निकालात ढवळाढवळ करणाऱ्या हुकमांवर बंदी आली. हुकूम थांबले नाहीत, त्यांची भाषा बदलली. जे उघड सांगितलं जायचं ते खुणेच्या शब्दांत आलं. बंदीने एवढंच साधलं की जो खेळ आधी कठोर होता तो आता खोटाही झाला. माझ्या मते कठोरपणापेक्षा खोटेपणाने खेळाचं जास्त नुकसान केलं. कठोर निर्णयावर भांडता तरी येतं.

या सगळ्या प्रकरणात मला सारखा आठवतो तो ब्राझीलचा फेलिपे मासा.

२५ जुलै २००९ ला हंगेरीत, पुढच्या गाडीची निखळलेली स्प्रिंग त्याच्या हेल्मेटवर येऊन आदळली. पुढची गाडी बॅरिकेलोची होती. मासाची कवटी दुखावली आणि त्या वर्षी तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. बरोबर एका वर्षाने, २५ जुलै २०१० ला, जर्मनीत हॉकेनहाइमला तो सुरुवातीलाच पुढे निघाला आणि पुढेच राहिला. मागे त्याच्याच फेरारी संघाचा फर्नांडो अलोन्सो. हंगामातली अकरावी शर्यत, अजून आठ बाकी.

४९ व्या फेरीला मासाच्या कानात त्याच्या अभियंत्याचा आवाज आला. फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे. निरोप समजला का, कळव. शब्द एकेक सुटा करून, जड आवाजात. त्यात ‘जागा सोड’ कुठेही नव्हतं आणि दुसरं काहीही नव्हतं. मासा एका वळणातून बाहेर पडला आणि पुढच्या सरळ रस्त्यावर त्याची गाडी ज्या जोमाने उचलायला हवी होती तशी उचलली नाही. अलोन्सो बाजूने निघून गेला. थोड्या वेळाने तोच अभियंता पुन्हा बोलला आणि त्याने माफी मागितली.

त्या दिवशी त्या संघातून निघालेला सर्वांत खरा शब्द तो होता. ज्याच्या तोंडून हुकूम जातो त्याचंही काही तुटतं, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं. संघाला एक लाख डॉलरचा दंड झाला. निकाल तसाच राहिला. पुढच्या वर्षापासून बंदीच काढून टाकली गेली, कारण जी पाळून घेता येत नाही ती ठेवण्यात अर्थ नव्हता.

अलोन्सोला त्या अदलाबदलीने सात गुण जास्त मिळाले. वर्षाअखेर तो चार गुणांनी हरला. मासा आधी जिंकला होता तो नोव्हेंबर २००८ मध्ये साओ पावलोला, आपल्या गावी. नंतर तो २०१७ पर्यंत शर्यतीत होता आणि एकदाही जिंकला नाही. म्हणजे हॉकेनहाइमची ती दुपार त्याच्या हातात आलेली शेवटची दुपार होती. हुकूम देणाऱ्याला हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण दुसऱ्याची जागा मागताना हेही मागितलं जात असतं, त्याची कदाचित शेवटची असलेली संधी. मागणाऱ्याने तेवढं मोजून मागावं.

मासा नुसता सोसणारा होता असंही कुणी समजू नये. २००७ ला हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, आपल्याच माणसांसमोर, आपल्याच गावी, त्याने सोबती किमी रायकोनेनला पुढे जाऊ दिलं. मासाला तेव्हा विजेतेपदाची आशा उरली नव्हती, रायकोनेनला होती, आणि रायकोनेन एका गुणाने जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी पारडं फिरलं. चीनमध्ये रायकोनेनने मासाला दुसरी जागा दिली. या दोन्ही वेळी मला कुठे टोचत नाही. ज्याच्यासमोर वाट उरली नाही त्याने वाट असलेल्याला रस्ता द्यावा, आणि वेळ आली की घेणाऱ्याने परत द्यावा. इर्जिकीला माणूस आपली बैलजोडी घेऊन दुसऱ्याच्या वावरात जातो तो याच भरवशावर. हॉकेनहाइमला आठ शर्यती बाकी होत्या. तिथे वाट संपली नव्हती, ती संपवली गेली.

*

‘हो’ची किंमत ‘नाही’ म्हणता येतं की नाही यावर ठरते.

२८ सप्टेंबर २००८, सिंगापूर. रेनो संघाच्या धाकट्या नेल्सन पिकेला जागा सोडायला सांगितलं नव्हतं. गाडी भिंतीवर घालायला सांगितलं होतं. त्यामुळे शर्यत मंदावली, आणि आधीच इंधन भरून बाहेर पडलेला त्याचा तेव्हाचा सहकारी अलोन्सो पुढे येऊन जिंकला. पुढच्या वर्षी पिकेने लेखी सांगितलं की आपल्या कराराचं काय होणार या धास्तीत असताना आपल्याला विचारलं गेलं आणि आपण हो म्हटलं. त्याचं वय २३.

पिकेला मी निर्दोष म्हणत नाही. भिंतीपलीकडे माणसं उभी होती. पण ज्याच्या पोटावर पाय आहे त्याला विचारलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाही. त्या रात्री सगळ्यांत पुढे मासा होता. गोंधळात तो गाडी घेऊन आत आला, इंधनाची नळी लागलेली असतानाच सुटला, ती उपटून सोबत गेली आणि तो तेरावा आला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याने एका गुणाने गमावलं. संघाचं हित म्हणून आखलेली गोष्ट संघाच्या कुंपणाआत थांबत नाही. ज्याने काही केलेलं नसतं त्याच्या दारात तिचा निचरा होतो.

बैलाला तर हो किंवा नाही विचारलंच जात नाही. त्याच्यापाशी एकच उत्तर असतं, तो बसतो. ऐन सुटायच्या वेळी मांडी घालून बसलेला बैल पाहिला की लोकांना वाटतं पट बिघडला. मला वाटतं, एकाने आपलं म्हणणं मांडलं. पूर्वी या म्हणण्यावर आर लावलेली तुतारी हे उत्तर होतं, शेपूट पिरगाळणं हे उत्तर होतं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने असल्या शर्यती बंद केल्या, त्या जनावराच्या वतीने. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले: आधी पशुवैद्यकाची तपासणी, काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका नाही, धाव हजार मीटरच्या आत. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांच्या दुरुस्त्या मान्य केल्या.

पट सुरू झाले याचा मला आनंद आहे. ज्या जिल्ह्यात ट्रॅक्टर आल्यापासून गोठे ओस पडत गेले, तिथे देखणी जोडी राखायला पट हेच एक कारण उरलंय. पण हा आनंद त्या अटींसकट आहे. अट मोडणारा धुरकरी नियम मोडतोच, शिवाय तो घड्याळालाही फसवतो. टोचून काढलेला सेकंद बैलाचा नसतो.

*

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली मानाची जोडी पहिली जाते. मागची कितीही देखणी असो, ती मागूनच. त्यात हार-जीत नाही, कारण क्रम आधीच ठरलेला असतो आणि सगळ्या गावाला ठाऊक असतो. मानावरून तंटे होतात ते वेगळे.

संघालाही तसं सांगता येईल. हंगाम सुरू होतानाच जाहीर करावं की आमचा पहिला कोण आणि दुसरा कोण, किंवा अमुक शर्यतीपर्यंत दोघे मोकळे, नंतर ज्याचे गुण जास्त त्याच्यामागे दुसरा उभा राहील. मग बघणारा डोळे उघडे ठेवून बघेल आणि दुसरा चालक करारावर सही करताना आपण काय विकतो आहोत हे जाणून सही करेल. हुकूम शर्यतीच्या आधी असला तर ती रीत ठरते. शर्यतीच्या मध्ये आला तर तो एका माणसाच्या घामावर येतो.

ठरलेलं मोडणं ही याची दुसरी बाजू. २४ मार्च २०१३, मलेशिया. रेड बुलच्या दोन गाड्या पुढे, मार्क वेबर पहिला, सेबास्टियन फेटेल दुसरा. शेवटचा थांबा झाला, आता आहात तसे या, असं ठरलं होतं. वेबरने त्या भरवशावर इंजिनाचा जोर उतरवला. फेटेलने त्याला गाठलं आणि मागे टाकलं. हुकूम मोडला म्हणून फेटेलवर माझा राग नाही. आपल्याला पुढे जायचं आहे असं सांगून, समोरचा पूर्ण जोरात असताना त्याने झुंज दिली असती तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. त्याने सोबत्याच्या विश्वासाचा वेग वापरला, हे खटकतं. त्याच शर्यतीत नीको रोझबर्गला त्याच्याच संघाच्या लुईस हॅमिल्टनच्या मागे राहायला सांगितलं गेलं होतं. तो राहिला, चौथा आला. तिसऱ्या पायरीवर उभ्या हॅमिल्टनने सांगितलं की इथे रोझबर्ग हवा होता.

हॅमिल्टनच्या कारकिर्दीतली मला सर्वांत मोठी वाटणारी शर्यत त्याने चौथा येऊन संपवली. ३० जुलै २०१७, हंगेरी. त्याच्या सोबत्याने, वाल्टेरी बोटासने, त्याला तिसरी जागा दिली: पुढच्या दोन फेरारींना गाठून बघ, नाही जमलं तर परत दे. जमलं नाही. विजेतेपदासाठी फेटेलशी गुणागुणांची झुंज चालली होती, मागे दुसरा प्रतिस्पर्धी चिकटत आला होता. शेवटच्या वळणावर हॅमिल्टनने वेग कमी करून तिसरी जागा परत दिली. तीन गुण गेले. हंगामाअखेर विजेतेपद त्यालाच मिळालं, पण त्या वळणावर ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून त्या तीन गुणांचं मोल.

तीन गुण म्हणजे किती, ते २०२५ ने दाखवलं. ७ सप्टेंबरला मोंझाला मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसचं चाक बदलायला वेळ लागला आणि सोबती ऑस्कर पियास्त्री पुढे गेला. संघाने पियास्त्रीला जागा परत द्यायला सांगितलं. त्याने थोडी कुरकुर केली आणि दिली. नॉरिसला तीन गुण जास्त मिळाले. डिसेंबरात नॉरिस जगज्जेता झाला, दोन गुणांनी. मॅक्स फेरस्टॅपेन दुसरा, पियास्त्री तिसरा. चाक बदलण्यातली चूक ही शर्यतीचाच भाग असते, असं मी मानतो. संघाची चूक संघाने आपल्या अंगावर घ्यावी, दुसऱ्या मुलाच्या खिशातून भरू नये. तरीही पियास्त्रीने दिली, आणि पुढे आपलं विजेतेपद निसटत असतानाही त्या दिवसाचं भांडवल केलं नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ज्या व्यवस्थेत असा आदर कमवावा लागतो तिच्याबद्दल तेवढा नाही.

*

१९५८ हे एकच वर्ष या विषयाला पुरेल.

ऑगस्टात पोर्तुगालमध्ये इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉसने शर्यत जिंकली. त्याचा प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न दुसरा आला, पण गाडी गिरकी घेऊन थांबली तेव्हा त्याने ती उलट दिशेने ढकलत नेली या कारणासाठी त्याला बाद ठरवलं गेलं. मॉस स्वतः पंचांकडे गेला. हॉथॉर्न रस्त्यावर नव्हता, कडेच्या पायवाटेवर होता, आपण पाहिलंय, असं त्याने सांगितलं. हॉथॉर्नचे गुण परत आले. ऑक्टोबरात मोरोक्कोला शेवटची शर्यत झाली. मॉस पहिला आला. हॉथॉर्नला दुसरी जागा हवी होती, ती त्याच्या फेरारी संघाच्या फिल हिलने वेग उतरवून त्याला दिली. हॉथॉर्न ४२ गुण, मॉस ४१. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉस पुढेही कधी जगज्जेता झाला नाही.

हॉथॉर्नच्या विजेतेपदात सोबत्याने सोडलेली जागा आहे आणि प्रतिस्पर्ध्याने बोललेलं सत्य आहे. पहिल्याला संघ लागतो. दुसऱ्याला मॉस लागतो.

आणि त्याच्या दोन वर्षं आधी, २ सप्टेंबर १९५६, मोंझा. तेव्हा एका चालकाने आपली गाडी दुसऱ्याला दिली तरी चालत असे, गुण वाटून मिळत. फेरारीच्या हुआन मॅन्युएल फान्जिओची गाडी मोडली. विजेतेपद अधांतरी. संघाचा लुइजी मुसो आत आला तेव्हा त्याला गाडी देण्याबद्दल विचारलं गेलं. त्याने दिली नाही. इटलीचा माणूस, इटलीची शर्यत. तो निघून गेला. मग पीटर कॉलिन्स आत आला. वय २४. त्यालाही त्या दिवशी जगज्जेता होण्याची संधी होती. त्याने परिस्थिती पाहिली, तो गाडीतून उतरला आणि गाडी फान्जिओला दिली. फान्जिओ दुसरा आला आणि तीन गुणांनी जगज्जेता झाला. कॉलिन्सला वाटलं होतं, आपल्याला अजून पुष्कळ वर्षं आहेत. ३ ऑगस्ट १९५८ ला जर्मनीत शर्यतीत तो गेला. चार आठवडे आधी फ्रान्समध्ये मुसो गेला होता.

ही गोष्ट सांगताना सगळे कॉलिन्सला उचलून धरतात आणि मुसोला टाकून देतात. मला ते पटत नाही. मुसोला आपल्या लोकांसमोर जिंकायचं होतं, आणि जिंकायच्याच बेतात तो होता. शेवटच्या फेऱ्यांत गाडीने दगा दिला. त्याने नाही म्हटलं आणि संघाने त्याला जाऊ दिलं. त्याच संघाने थोड्या वेळाने कॉलिन्सचं हो ऐकलं. त्या दुपारी फेरारीच्या गाड्यांत दोघांनाही आपलं उत्तर स्वतः द्यायला मोकळीक होती. कॉलिन्सची मी जितकी कदर करतो, तितकीच त्या मोकळिकीची करतो, आणि मुसोचीही.